गिटार फोडायचा शॉट

आदेशला कॅमेरा नेहमी खालून हवा असायचा. "वरून नको ताई, वरून माणूस बुटका दिसतो," असं तो म्हणायचा, आणि ते बरोबरच होतं. रुंद कोनाचं भिंग गुडघ्याच्या उंचीवर ठेवून वर बघितलं की जवळचे बूट मोठे होतात, पाय खांबासारखे दिसतात आणि डोक्यामागे नुसतं आभाळ राहतं. आभाळात तुलनेला काही नसतं, ना झाड ना विजेचा खांब, त्यामुळे उंचीचा अंदाज लागत नाही. बेताच्या उंचीचा आदेश त्यात देवळापुढच्या दीपमाळेएवढा व्हायचा.

मी तेव्हा शहापूरला रविंद्रदादांच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात कामाला होते. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून धरलेलं काम लांबत गेलं होतं. लग्नं, हळदी, साखरपुडे, कधी एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. दादा शूटिंग करायचे आणि मी दुकानात बसून मिक्सिंग, म्हणजे शूटिंगचे तुकडे कापून जोडणं. पुढे कॅमेराही माझ्याकडे आला, कारण बायकांच्या घोळक्यात मला कोणी अडवत नसे.

२००६ च्या मे महिन्यात आदेशने आपल्या बँडच्या गाण्याचा व्हिडिओ करायला दुकानाचा कॅमेरा ठरवला. दादांना ते काम नको होतं.

"ते रॉकबिक मला नाय जमत," ते म्हणाले. "हार घालतात तिथं मी बदामाचा आकार टाकतो, त्याच्यापुढं आपली गाडी जात नाय. तुझा भाऊ हाय ना त्यांच्यात? मग तूच जा."

माझा धाकटा भाऊ दीपेश त्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. किन्हवलीच्या आमच्या घराच्या पडवीत बसून, कॅसेट ऐकत, मागे नेत, पुन्हा ऐकत तो शिकला. लहानपणी पोलिओ झाल्याने त्याचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता. आसनगावच्या एका कारखान्यात तो पॅकिंगला लागला, आणि कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. लाल रंगाची, कडांना टवके उडालेली. घरी आणली त्या दिवशी त्याने ती मांडीवर ठेवली आणि जेवायलाही उठला नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडतात. विळा, कोयता, नांगराचा फाळ. त्या वर्षी दीपेशने गिटार आणून फाळाशेजारी ठेवली. आईने जरा विचार केला.

"हिच्यावर पोट चालतंय का रे तुझं?"

"आज नाय चालत."

"मग उद्या चालंल," असं म्हणून आईने तारांच्या खालच्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं उमटवली. त्या जागी पॉलिशला आधीच ओरखडा होता. कुंकू त्यात मुरलं. दीपेशने ते कधी पुसलं नाही.

आदेश हा कुंडलिकशेठचा मुलगा. शेठची शेणव्याजवळ खडी मशीन होती, जेसीबी होते, आणि पुढच्या झेडपीच्या निवडणुकीत त्यांना तिकीट हवं होतं. आदेश डोंबिवलीला कॉलेज करून आलेला. गळा बरा होता, ते मी नाकारत नाही. 'डांबर' नावाचं गाणं त्याने लिहिलं होतं, मुंबई-नाशिक हायवेवर. चाल दीपेशची, गिटारीचे सगळे तुकडे दीपेशचे. मधला, गाणारा थांबतो आणि नुसती गिटार चालते तो लांब तुकडा तर त्याने सबंध हिवाळा घासूनपुसून बसवला होता. कल्याणला रेकॉर्डिंग झालं तेव्हा तिथल्या साउंडवाल्याने काच सरकवून विचारलं होतं, "हा पोरगा कुठला?"

शूटिंगच्या आधी मी दुकानातल्या टीव्हीवर इंग्रजी गाण्यांच्या वाहिन्या लावून बसायचे, आवाज बंद करून. आवाज बंद केला की कॅमेरा काय करतो ते नीट दिसतं. एकही शॉट दोन-तीन सेकंदांच्या वर टिकत नाही आणि ढोलाच्या ठोक्यावर चित्र बदलतं. बँड नेहमी अशा ठिकाणी वाजवतो जिथे कोणी वाजवणार नाही: खाण, बोगदा, पडका कारखाना. गिटारीची वायर कुठेच जोडलेली नसते. गिटारीचा तुकडा आला की वाजवणाऱ्याच्या बोटांचा जवळून शॉट हवाच. आणि बऱ्याच गाण्यांच्या शेवटी गिटार फोडतात. तो भाग मी पुन्हा पुन्हा बघितला. प्रत्यक्ष फुटताना गिटार सबंध अशी दिसतच नाही. वर उचललेले हात, लगेच जमीन, लगेच चेहरा, लगेच उडालेल्या ढलप्या. चित्र बदललं की डोळ्याला नव्या चित्रात जागा शोधायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळायच्या आत पुढचं चित्र येतं. माणसाला वाटतं आपण सगळं बघितलं.

शूटिंग खडी मशीनवर होतं. रविवारी मशीन बंद असे. आदेशने आजूबाजूच्या खळ्यांवरून भात वारवायचे दोन पंखे आणले होते, केस उडवायला. धुरासाठी ओला पेंढा पेटवला. कॅमेरा बँडभोवती फिरवायला मी हातगाडीच्या चाकांतली हवा कमी करून घेतली, म्हणजे दगडांवरून जाताना हादरे कमी बसतील. बँजो पार्टीतला रघू ड्रम मांडून बसला होता. त्याला काळा गॉगल दिला होता आणि तो घामाने सारखा नाकावरून घसरत होता.

"ताई, मला यात काय दिसत नाय," रघू म्हणाला.

"तुला कुठं दिसायचंय? तू दिसलास म्हणजे झालं," आदेश म्हणाला आणि सगळे हसले. मग तो दीपेशकडे वळला.

दीपेश गिटार गळ्यात अडकवून आपल्या जागी उभा होता. त्याने नवा शर्ट घातला होता.

"दीपेश, ऐक ना. तू जरा साइडला थांब. गिटार मी घेतो."

"म्हणजे?"

"अरे, रॉक आहे हे. गिटारवाल्याला पळायला लागतं, उडी मारायला लागते. तू उडी मारशील काय?" त्याने दीपेशच्या पायाकडे बघितलं नाही. बाकीच्यांनी बघितलं. "साउंड तर तुझाच आहे ना. तो कुठं जातोय? व्हिडिओ वेगळी गोष्ट असते."

दीपेशने पट्टा डोक्यावरून काढला आणि गिटार त्याच्या हातात दिली. "तारा ताणू नको," एवढंच म्हणाला आणि मशीनच्या सावलीत जाऊन दगडावर बसला.

मी आदेशला बाजूला घेतलं. "नाव तरी त्याचं टाकशील ना? गिटार म्हणून?"

"ताई, तुम्ही सायन्सवाल्या. लॉजिक बघा," तो म्हणाला. "व्हिडिओत दिसतो त्याचंच नाव असतं. त्याला 'विशेष आभार'मध्ये टाकू."

मी कॅमेऱ्याकडे परत गेले. त्या वेळी मनात काही ठरलं नव्हतं. वाक्य तेवढं लक्षात राहिलं.

दुपारपर्यंत गाणं दोन-तीनदा पुरं झालं. गिटारीच्या तुकड्याला मी बोटांचे जवळून शॉट घेतले. आदेशला गिटार येत नव्हती. सूर वर चढत असताना त्याचा डावा हात तारांच्या दांड्यावर एकाच जागी चिकटून राहायचा, आणि उजवा हात मात्र ताक घुसळल्यासारखा चालायचा.

"बोटं हलव की थोडी," मी म्हटलं.

"कट मारा ना पटापट. कोणाला कळतंय?"

मग शेवटचा शॉट आला. फोडायची गिटार वेगळी बनवून घेतली होती. किन्हवलीचा विठू सुतार, म्हातारा, आयुष्यभर नांगर आणि दारं बनवलेला. आदेशने त्याला माप देऊन, तशाच लाल रंगाची, फोडण्यासाठी म्हणून खोटी गिटार करायला सांगितली होती. विठूकाका ती स्वतः घेऊन आला, धोतराच्या सोग्याने पुसत.

"मोडायला म्हणून वस्तू कशी बनवायची ते मला काय समजलं नाय, शेठ," तो आदेशला म्हणाला. "म्हणून चांगलीच बनवली. शटरिंगचं प्लायवूड हाय. आतून पाचर मारली, सरस लावला. नातवाच्या हातात दिलीत तरी टिकंल."

आदेशला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तो केस ओले करत होता.

मी कॅमेरा खडीच्या ढिगावर लांब नेऊन लावला. खालून, जवळून शॉट आधी झाले होते. आता एक दुरून हवा होता, सलग, म्हणजे मिक्सिंगच्या वेळी कुठे काही कमी पडलं तर त्यातून घेता येतं. लांबचं भिंग लावलं, आवाजाचा माइक खाली आदेशजवळ दगडांत लपवून ठेवला आणि टेप चालू केली. दीपेश नाक्यावर सगळ्यांसाठी चहा आणायला गेला होता. ते काम त्याने स्वतःहून घेतलं होतं. बसून राहणं त्याला जड जात असावं.

आदेशने विठूकाकाची गिटार दगडावर आपटली. ती उसळून परत आली. पुन्हा आपटली. कोपरा जरा दबला. तिसऱ्यांदा आपटल्यावर त्याच्या मनगटालाच झिणझिण्या आल्या आणि त्याने हात झटकला. रघू हसायला लागला.

"विठूकाकाची वस्तू हाय ती, आदेशशेठ. जेसीबी लावा."

मग बाकीचेही हसले. आदेशचा चेहरा मला भिंगातून जवळ दिसत होता. त्याने विठूकाकाची गिटार बाजूला फेकली, दोन पावलं चालला आणि दगडाला टेकवून ठेवलेली दुसरी उचलली. दोन्ही लाल. पण डोक्यावर उचलताना ऊन तिच्यावर पडलं आणि तारांच्या खाली मला कुंकू दिसलं.

मी ओरडले. ढिगावरून त्याच्यापर्यंत आवाज पोचायच्या आत गिटार दगडावर आदळली होती. सबंध लाकडाचा आवाज प्लायवूडसारखा नसतो. तो एकदा येतो आणि आतून येतो. मान तुटून तारांवर लोंबकळायला लागली, पण गिटारीचं धड काही फुटलं नाही. तेव्हा आदेशने ते जमिनीवर ठेवलं, त्यावर बूट ठेवला आणि पूर्ण भार देऊन दुसऱ्या पायाने दाबलं. दोन-तीनदा. ते चिरलं तेव्हा त्याने वर, कॅमेऱ्याकडे बघून हात उंचावले.

रघू जागचा उठला होता. "अरे, दीपेशची हाय ती."

"नवी घेऊन देईन ना त्याला. काय सोन्याची आहे का?"

दीपेश चहाची किटली घेऊन तेव्हाच येत होता. त्याने किटली खाली ठेवली, पेले एकात एक घातलेले होते ते तिच्याशेजारी ठेवले. मग खाली बसला आणि तुकडे गोळा करून आपल्या टॉवेलात बांधायला लागला. ढलप्या, खुंट्या, सगळं. कोणी त्याला मदत केली नाही आणि कोणी चहाही घेतला नाही. मी खाली धावत आले तोवर त्याने गाठ मारली होती.

"चल ताई," तो म्हणाला. "किन्हवलीची गाडी जाईल."

टेप चालूच राहिली होती.

पावसाळ्यात लग्नं नसतात, दुकानात काम कमी असतं. आदेश रोज संध्याकाळी येऊन माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचा आणि मिक्सिंग करून घ्यायचा. मी केलं. त्याने जसं सांगितलं तसंच केलं. ठोक्याला चित्र बदललं, मधेच रंग काढून काळंपांढरं केलं, ट्रकच्या दिव्यांची तिरीप घातली, हळू गतीत केस उडवले. गिटारीच्या तुकड्याला बोटांचे इतके बारीक तुकडे जोडले की आदेश पट्टीचा वादक वाटायला लागला. फोडायच्या जागी हात, जमीन, चेहरा, ढलप्या.

"एकदम इंटरनॅशनल," आदेश म्हणायचा. "ताई, तुम्ही गावात सडताय."

तो गेला की मी दुसरी फाइल उघडायचे.

घरी दीपेशने टॉवेलाची ती गाठोडी माळ्यावर ठेवली होती आणि पुन्हा खाली काढली नव्हती. तो कामाला जायचा, यायचा, जेवायचा. पडवीत बसायचं त्याने बंद केलं. आई एकदा म्हणाली, "शेठकडं जाऊन बोल की गो तू." मी म्हटलं, बोलेन. कसं ते सांगितलं नाही.

किन्हवलीच्या नवरात्राचा मांडव त्या वर्षी कुंडलिकशेठनी घातला. निवडणूक जवळ आली होती. अष्टमीला आरती झाल्यावर आधी मुलाच्या गाण्याचं मोठ्या पडद्यावर उद्घाटन, मग पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांचं भजन, असा कार्यक्रम छापून गावोगाव वाटला होता. कल्याणहून प्रोजेक्टर मागवला. पडदा आणि सीडी चालवायचं काम दुकानाचं, म्हणजे माझं. मुरबाडच्या कॉलेजात प्रयोगशाळेत माझी जागा नक्की झाली होती. दादांना मी दसऱ्यानंतर येत नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि सीडीवरून दुकानाचं नाव काढून टाकलं होतं.

अष्टमीच्या सकाळी मी दीपेशला विचारलं. मी काय केलं आहे ते सगळं सांगितलं.

तो बुटाची नाडी बांधत होता. "आवाज ठेवलास?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

"मी मागं उभा राहीन," तो म्हणाला.

मांडव भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर कुंडलिकशेठ, पक्षाची माणसं, शेठच्या शेजारी आदेश चामडी जाकीट घालून, एवढ्या उकाड्यात. खुर्च्यांच्या पुढे सतरंजीवर भजनी मंडळं टाळ-मृदंग मांडून बसलेली. त्यांच्यात नामाबुवा. आमच्याकडे मृदंग म्हणजे नामाबुवा. मृदंग उचलण्याआधी हात धुणारा आणि चुकून कोणाच्या पायाखाली टाळाची दोरी आली तर त्या माणसाला टाळांना नमस्कार करायला लावणारा म्हातारा.

मी सीडी घातली.

सुरुवात आदेशला आवडली होती तशीच होती. धूर, हायवे, खालून घेतलेला आभाळाएवढा आदेश. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेठनी शेजारच्या पाहुण्याकडे झुकून काहीतरी सांगितलं. मग गिटारीचा तुकडा आला.

तिथे मी एकच शॉट ठेवला होता, बोटांचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न तोडलेला. दीपेशचे सूर वर चढत होते, खाली घसरत होते, थांबून पुन्हा धावत होते, आणि पडद्यावर मांडवाच्या कनातीएवढी मोठी आदेशची बोटं एका जागी बसून होती. इतका वेळ एकच चित्र बघायची कोणाला सवय नव्हती. आधी सतरंजीवरच्या लोकांना कळलं. हाताने वाजवणारी माणसं ती.

"अरे, हा कुठं वाजवतोय?" एक टाळकरी म्हणाला. "हात तर झोपलाय त्याचा."

"हात कशाला, जाकीट वाजवतंय त्याचं," दुसरा म्हणाला, आणि हसू मागे मागे सरकत गेलं. आदेश खुर्चीत वळला आणि त्याने मला शोधलं. मी प्रोजेक्टरच्या मागे होते. प्रकाश त्याच्या डोळ्यांवर होता, मी त्याला दिसले नसणार.

मग मी गाणं बंद केलं होतं. म्हणजे सीडीतच, तिथून पुढे गाणं नव्हतं. नुसता खडी मशीनवरचा वारा, लांबवर हायवेवरचे ट्रक. दुरून घेतलेला तो सलग शॉट, आहे त्या गतीत. विठूकाकाची गिटार उसळते. रघूचं हसणं. आदेश ती फेकतो, दुसरी उचलतो. ऊन. कुंकू. पडद्यावर ते हाताच्या तळव्याएवढं होतं आणि कुठल्याही बाईला काय आहे ते कळत होतं. आई बायकांत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

लाकडाचा आवाज मांडवात घुमला. मग बूट. बूट धडावर, दाब, पुन्हा दाब. आता कोणी हसत नव्हतं. "अरे, दीपेशची हाय ती." "नवी घेऊन देईन ना त्याला. काय सोन्याची आहे का?" दीपेश येतो, किटली ठेवतो, टॉवेल पसरतो, गोळा करतो. तेही मी पूर्ण ठेवलं होतं, गाठ मारेपर्यंत.

मग काळ्यावर पांढरी अक्षरं.

गिटार वाजवली: दीपेश.
गिटार फोडली: आदेश.

पडदा काळा झाला. दिवे लावायला कोणी उठलं नाही. मीच बटण दाबलं.

नामाबुवांनी मृदंगावर त्याचं कापड घातलं, कडा खाली खोचल्या आणि तो काखेत घेऊन उभे राहिले. ते शेठच्या खुर्चीपाशी थांबले.

"शेठ, तुमच्या बापानं मला पहिला मृदंग मढवून दिला होता," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "वाद्याला पाय लावणाऱ्याच्या मांडवात आमी नाय वाजवत. हितून पुढं तुमच्या दारातपण नाय."

"बुवा, पोरगं हाय. नादान हाय."

"मग ज्याचं वाद्य फोडलं त्याच्या दारात घेऊन जा त्याला. उद्या खंडेनवमी हाय."

एकामागून एक टाळ पिशव्यांत गेले. शेणव्याचं मंडळ उठलं, मग बाकीची उठली. पक्षाचे पाहुणे घड्याळ बघायला लागले. आदेश माझ्याकडे आला तेव्हा त्याचं जाकीट घामाने अंगाला चिकटलं होतं.

"ताई, हे काय केलंत? माझं नाव..."

"टाकलंय की," मी म्हटलं. "व्हिडिओत दिसतो त्याचंच नाव असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाट मांडत होती तेव्हा दीपेशने स्वतः माळ्यावर चढून टॉवेल खाली आणला आणि सोडला. फाळाच्या शेजारी त्याने तुटलेलं धड ठेवलं, त्याच्यापुढे मान, तिच्यापुढे खुंट्या. नीट, ज्याच्या त्याच्या क्रमाने. मी दुकानाचा कॅमेरा अजून परत दिला नव्हता. मी शिडीने माळ्यावर गेले आणि तो तुळईला बांधला, तोंड सरळ खाली.

"वर काय करतेस गो?" आईने विचारलं.

"पूजेचं शूटिंग."

कुंडलिकशेठ आदेशला घेऊन आले तेव्हा दारात निम्मी आळी उभी होती. नामाबुवा ओटीवर बसले होते. आदेशच्या हातात नवी कोरी गिटार होती, काळ्या पेटीत. शेठनी रात्रीतून मुंबईला गाडी पाठवून ती मागवली होती की आधीच आणून ठेवली होती, कोण जाणे.

"आधी जुनीला," नामाबुवा म्हणाले.

आईने कुंकवाचा करंडा पुढे केला. आदेशने बूट काढले. खाली बसला, गुडघ्यांवर, आणि हळदीकुंकू लावून त्याने तुटक्या लाकडावर डोकं ठेवलं. डोकं वर करताना त्याची नजर तुळईकडे गेली आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा त्याला दिसला.

"ताई, कॅमेरा बंद करा."

मी खांबाला टेकून उभी होते. हलले नाही.

"ताई, वरून नको."

शेठ म्हणाले, "उठ आता," पण तो पटकन उठू शकला नाही. पायाला मुंग्या आल्या असाव्यात. मग त्याने काळी पेटी दीपेशपुढे सरकवली.

दीपेशने ती उघडली नाही. पाटावरचा प्रसाद उचलून त्याने आदेशच्या हातावर ठेवला आणि पेटी उलट त्याच्याकडे सरकवली.

"तुझ्याकडंच ठेव," तो म्हणाला. "शिक."

बाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तिकीट शेठना मिळालं नाही. त्याला हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. आदेश पुढे ठाण्याला राहायला गेला आणि 'डांबर'ची सीडी दुकानात कधीच आली नाही. दीपेशने वर्षभराने स्वतःची गिटार घेतली आणि आता तो कल्याणच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, स्टुलावर बसून.

गेल्या दसऱ्याला मी मुरबाडहून घरी गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, ती पूजेची टेप पुसून टाक आता. पोरगी झालीय म्हणे आदेशला."



कॅमेऱ्याच्या टेपेला आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लागते. म्हणून मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहे, सिलिका जेलच्या पुडीबरोबर. ते खडे कोरडे असले की निळे असतात, ओल शोषली की गुलाबी होतात. दर मे महिन्यात मी डबा उघडते, खडे प्रयोगशाळेतल्या भट्टीत निळे होईपर्यंत तापवते आणि परत ठेवते. टेपेवर एक माणूस आहे, वरून घेतलेला. त्याच्या खाली आमची सारवलेली जमीन, बाजूला विळा आणि कोयता, त्यामुळे त्याची उंची बरोबर कळते.